ठळक अक्षरात काय आणि बारीक अक्षरात काय: नोटीस, बातमी, अहवाल कसा वाचायचा आणि आपण लिहिताना काय करायचं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी दापोली तालुक्यातल्या आमच्या घरीच होतो, लॉकडाऊनमुळे मुंबईहून आलेलो. काही तासांत आगर झोपलं. आठ गुंठ्याचं आगर, शंभरेक पोफळी आणि वीसेक माड, सगळे आजोबांच्या हातचे. मग लाईट नाही, रेंज नाही, आणि बऱ्याच दिवसांनी मोबाईल चालू झाला तेव्हा पहिली दिसली ती मदतीची बातमी, बागांना हेक्टरी ५० हजार, मोठ्या अक्षरात. घरात सगळ्यांना बरं वाटलं. रात्री बाबा कागद पेन्सिल घेऊन बसले. हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, म्हणजे आपल्याला ४ हजार. पडलेली झाडं कापून वाटेतून बाजूला करायला माणसं लावली त्याचाच खर्च त्याच्यावर गेला होता, आणि नवीन पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं.

बातमीत एक शब्द खोटा नव्हता. ५० हजार हा आकडा खरा, हेक्टरी हा शब्दही खरा, आणि दोन्ही शेजारी शेजारीच छापलेले. पण डोळ्यात भरला तो आकडा, आणि आमचं नशीब होतं त्या "हेक्टरी" मध्ये, कारण आमच्या किनाऱ्यावर बहुतेकांचं आगर गुंठ्यातच असतं. मग सगळीकडून मागणी झाली की आम्हाला झाडामागे द्या, आणि पुढे नारळ-सुपारीला झाडाप्रमाणे मदत द्यायचं ठरलंही. नुकसान तेच, झाडं तीच, फक्त मोजायचं माप बदललं.

तेव्हापासून मी वाचायची पद्धत बदलली आणि गावातल्या मुलांनाही तीच शिकवतो. कोणीही माणूस, पेपर, कंपनी, ऑफिस, मंडळ काही सांगतं तेव्हा सगळं सांगूच शकत नाही, काहीतरी पुढे ठेवावं लागतं आणि काहीतरी मागे. पुढे काय ठेवलंय ते ते स्वतःच ओरडून सांगत असतात, मागे काय राहिलं ते आपल्याला शोधावं लागतं. ते कसं शोधायचं ते खाली लिहितोय.

सुरुवात अशी करा. कागद वाचायच्या आधी उलटा ठेवा आणि कोऱ्या बाजूला स्वतःचे दोन-तीन प्रश्न लिहा, म्हणजे ही गोष्ट माझ्या घरात, माझ्या बागेत, माझ्या होडीला घडली तर मी पहिलं काय विचारेन. मग कागद सुलटा करा, मथळा, पहिला परिच्छेद, फोटो आणि ठळक अक्षरं एवढंच वाचा, त्यातून कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं त्यावर टिक करा. उरलेले प्रश्न घेऊन आतला मजकूर वाचा. हे आधी लिहिणं फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण एकदा मथळा वाचला की आपले प्रश्नही त्या मथळ्यासारखेच व्हायला लागतात. मी स्वतः पन्नास वेळा अनुभवलंय.

आकडा दिसला की कशाचा कशाशी

आकड्यावर मी जास्त वेळ घालवतो कारण आपली माणसं आकड्याला लगेच मान देतात.

पहिलं माप बघायचं, ते वर आलंच. दुसरं बघायचं की तक्त्यातला कुठला रकाना उचललाय. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. हा आकडा मी भाषणात, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, स्नेहसंमेलनाच्या फलकावर पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी तो कौतुक म्हणून येतो, बघा आमच्याकडे स्त्रियांचं प्रमाण किती चांगलं. आता त्याच जनगणनेत शेजारचा रकाना बघा, शून्य ते सहा वयाच्या मुलामुलींचा. तिथे मुली हजाराच्या खाली आहेत, मुलग्यांपेक्षा कमीच. आणि अजून एक रकाना, एकूण लोकसंख्या. २००१ ला जवळपास १६ लाख ९७ हजार होती ती २०११ ला १६ लाख १५ हजार झाली, जिल्हा आकसला. सिंधुदुर्गातही लोकसंख्या कमीच झाली. तिन्ही रकाने एकत्र वाचले की चित्र वेगळं दिसतं, पुरुष कामाला मुंबई-पुण्याला गेलेत आणि मागे घर, शेती, सासू-सासरे बघत बाई राहिली आहे. ११२२ हा आकडा चाकरमान्यांच्या रिकाम्या खोल्यांचाही आकडा आहे. माझी आई अशी चोवीस वर्षं राहिली, म्हणून हा आकडा कोणी मिरवला की मला गप्प बसवत नाही.

तिसरं, तुलना कुठल्या वर्षाशी. मासळीचं उदाहरण घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१८ ला सुमारे २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली आणि २०१९ ला ती २ लाख १ हजार टनांवर आली. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा अशी दोन वादळं लागोपाठ झाली, होड्या ऐन हंगामात बंदरात बांधून होत्या. आता कोणाला प्रगती दाखवायची असेल त्याने पुढच्या कुठल्याही बऱ्या वर्षाची तुलना २०१९ शी करावी, वाढ घसघशीत दिसणारच. आणि टक्क्यांची आणखी एक गंमत नीट लक्षात ठेवा, २ लाख ९५ हजारावरून २ लाख १ हजारावर आलं तर घट सुमारे ३२ टक्के, पण तेच ९४ हजार टन परत मिळवले तर वाढ म्हणून लिहिता येते जवळपास ४७ टक्के. कोणी फसवलं नाही, पण हर्णैच्या बंदरावर टोपली घेऊन बसलेल्या बाईला वाटेल की गेलं त्यापेक्षा जास्त परत आलं. म्हणून टक्का वाचला की लगेच विचारायचं, किती टन, आणि त्याच्या आधीची पाच वर्षं कशी होती.

सरासरीबद्दल एवढंच सांगतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाडीत टँकर. इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून ते समुद्राला जातं. जिल्ह्याची सरासरी वाचून कोणाच्या हंड्यात पाणी येत नाही. तसंच नळाचं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर हे माप ठरलेलं आहे, पण फलकावर बहुतेक वेळा जोडण्यांची संख्या येते कारण जोडणी मोजायला सोपी, एकदा बसली की मोजली. लिटर मोजायचे तर रोज मोजावे लागतात. म्हणून गावाच्या माहितीत "किती घरांना नळ" दिसलं की "मे महिन्यात आठवड्यातून किती दिवस आणि किती वेळ पाणी" हा प्रश्न तुम्ही वहीत लिहा, आणि उत्तर वाडीवार मागा, गावाचं एकत्र नको. सोप्या मोजता येणाऱ्या गोष्टी पुढे येतात आणि अवघड मोजायच्या मागे राहतात, हे मला वाटतं सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असायची गरजच नसते.

दुकानात सराव करायचा असेल तर कोकम सिरपची किंवा आंब्याच्या पेयाची बाटली घ्या. पुढे फळाचं चित्र, मागे घटकांची यादी. नियमाने ही यादी जास्तीकडून कमीकडे लिहावी लागते, म्हणजे जे वजनाने सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर पहिली आणि फळ तिसरं असेल तर चित्र साखरेचं यायला हवं होतं. लहान मुलांना ही सवय पटकन लागते, माझी पुतणी आता सातवीत आहे, ती प्रत्येक बाटली आधी उलटीच करते.

क्रियापद आणि नाव

मराठी सरकारी भाषेत "करण्यात आले आहे", "तोडण्यात आली", "रखडले" अशी क्रियापदं असतात की करणारा वाक्यातून गायबच होतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं आणि तेव्हापासून आपण वाचतोय, काम रखडलं, काम प्रगतीपथावर आहे. रस्ता स्वतःहून रखडत नाही ना. असं वाक्य दिसलं की त्यात कोणी, कधी, कोणाच्या सहीने हे तीन शब्द स्वतः भरून बघा. भरता आले नाहीत तर तोच तुमचा प्रश्न.

नावाचंही तसंच. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सपाट भाग, ही आपल्यासाठी गुरं चरायची जागा, पावसाळ्यात फुलांनी भरलेली, डबक्यांत बेडूक आणि खेकडे, आणि रत्नागिरी-राजापूर भागात त्याच सड्यांवर कातळशिल्पं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. पण कागदावर तीच जागा पडीक किंवा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी, लिहिली की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर रिकामी जमीन येते, आणि रिकाम्या जमिनीवर काहीही करायला कोणाची हरकत नसते. म्हणून कुठल्याही कागदातली नामं अधोरेखित करा आणि त्या जागी आपण घरात जो शब्द वापरतो तो टाकून वाक्य परत मोठ्याने वाचा. अर्थ बदलला तर थांबा.

शब्दांनी खरंच फरक पडतो का, असं मला एकाने विचारलं. १९८१ साली ट्वर्स्की आणि काहनेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला होता. ६०० लोकांचा जीव धोक्यात आहे, एका उपायाने २०० नक्की वाचतील, दुसऱ्या उपायात जुगार आहे, सगळे वाचतील किंवा कोणीच नाही, असं सांगितल्यावर ७२ टक्के लोकांनी पहिला उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच उपाय "४०० नक्की मरतील" असा सांगितला तर निवडणारे राहिले २२ टक्के. हिशोब अगदी तोच. हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो, कारण मीही त्या ७२ मध्येच असणार.

प्रकल्पाची नोटीस आली तर

हे कोकणात सगळ्यांना लागणार आहे म्हणून सावकाश सांगतो. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, पूर्ण अहवाल मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत जाडजूड असतो आणि जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असतो. सारांश म्हणजेच निवड. कोणीतरी शेकडो पानांतून पंधरा-वीस पानं निवडली, त्यात रोजगार पहिल्या पानांवर आला आणि दुसरं काही आलंच नाही, असं होऊ शकतं. म्हणून सारांशावर विश्वास ठेवायच्या आधी वाडीतली दोन-तीन कॉलेजची मुलं गाठा, पूर्ण अहवाल बघायला पाठवा आणि त्यांना सांगा की पहिलं पान नका वाचू, पाहणी कधी केली ते महिने शोधा.

महिने का, तर बऱ्याच प्रकल्पांना एका हंगामाचीच पाहणी मागितली जाते आणि तीही पावसाळा सोडून. आपला सडा मार्चमध्ये बघितला तर काळा दगड आणि सुकं गवत. पर्या, म्हणजे ओढा, कोरडा. पावसाळ्यात ज्या चार महिन्यांत इथली भातशेती, झरे, मासे चढणं सगळं होतं ते महिने त्या कागदात येतच नाहीत, आणि नियमाप्रमाणे येत नाहीत, त्यात लपवाछपवी असावीच लागत नाही. हे सुनावणीत तोंडी सांगाच, लेखीही द्या, आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टचे तारखेसह फोटो जोडा. मी आता दर पावसात आमच्या सड्याचे आणि पर्याचे फोटो काढून ठेवतो. कुठला प्रकल्प नाहीये सध्या, पण असू द्यात.

ग्रामसभेत क्रम बघा

अजेंड्यावर विषय कितवा आहे यावर बरंच ठरतं. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार यातलं जे कमी ते. सुरुवातीला माणसं असतात, मग चहा होतो, बायकांना स्वयंपाकाला जायचं असतं, रिक्षा सुटणार असते, आणि शेवटच्या "ऐनवेळी येणारे विषय" पर्यंत बाकावर पंधरा जण. पाण्याचा, रस्त्याचा, स्मशानाच्या वाटेचा विषय नेमका तिथे अडकतो. त्यामुळे विषय तोंडी सांगू नका, सभेच्या बरेच दिवस आधी लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या, पोच घ्या, अर्जातच लिहा की हा विषय पहिल्या तीनात घ्यावा. आणि सभेनंतर इतिवृत्त वाचायला मागा, कारण तासभर झालेलं भांडण इतिवृत्तात "चर्चा करण्यात आली" या तीन शब्दांत बसवता येतं.

इतिवृत्त किंवा खर्चाचा तपशील मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहे, २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. म्हणजे इथे तुम्हालाही निवड करावी लागते, पाच गोष्टी मागू नका, जी नसल्यामुळे बाकीचं कळत नाही तीच मागा.

पाट्यांचंही थोडक्यात. रत्नागिरीत थिबा पॅलेस बघायला सगळे जातात, आणि वाटतं की इंग्रजांनी हद्दपार केलेला ब्रह्मदेशचा राजा इथे वाड्यात राहिला. थिबा १८८६ ला रत्नागिरीत आला, पॅलेस झाला १९१० ला, आणि तो वारला १९१६ ला. तीस वर्षांतली चोवीस त्याने दुसऱ्या बंगल्यांत काढली. जे उभं राहिलं तेच आठवतं. कुठल्याही जागी गेलात तर तारखांची वजाबाकी करून बघा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे, हे सगळं शिकून प्रत्येकावर संशय घेत फिरू नका. पुढे-मागे ठेवणं हे चांगल्या कामालाही लागतं. हवामान खातं हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे चारच रंग देतं, त्यामागे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर म्हणजे अत्यंत मुसळधार असली मोजमापं आहेत, पण रात्री अकराला होडीवरच्या पोराला फोन करताना रंगच सांगायचा असतो. तिथे कोणी सगळा तपशील वाचत बसलं तर उशीर होईल. मी फक्त एवढंच बघतो की पुढे ठेवलेली गोष्ट कोणाच्या गरजेची आहे, सांगणाऱ्याच्या की ऐकणाऱ्याच्या.

आपली पाळी आली की

मी चार वर्षं आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचा चिटणीस होतो. पहिल्या वर्षीचा वार्षिक अहवाल मी लिहिला, पहिल्या पानावर देवळाच्या सभामंडपाला रंग दिल्याचा फोटो, मग देणगीदारांची यादी, आणि नवव्या पानावर एक ओळ, "खालच्या वाडीतील विहिरीचे काम निधीअभावी पुढे ढकलण्यात आले." सभेत खालच्या वाडीतल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आम्ही नवव्या पानावर राहतो होय?" मला उत्तर देता आलं नाही. देणगी देणाऱ्यांना काय वाचायला आवडेल तेच मी पुढे ठेवलं होतं, आणि "ढकलण्यात आले" लिहून ढकलणाऱ्यांत मी होतो हेही लपवलं होतं. घरी येऊन तो अहवाल मी परत वाचला आणि मला खरोखर लाज वाटली.

मग पद्धत बदलली. लिहायला बसायच्या आधी विचारायचं, या कागदामुळे सगळ्यात जास्त फरक कोणाला पडतो, आणि पहिला परिच्छेद त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असलाच पाहिजे. जे झालं नाही ते दुसऱ्या परिच्छेदात, कोणी ठरवलं त्यासकट. टक्के लिहिले तर शेजारी घरं किंवा रुपये. खर्चाची रक्कम एकूण देऊन थांबायचं नाही, वाडीवार फोडून द्यायची, भले कोणाला राग आला तरी. फोटो निवडताना एक उद्घाटनाचा ठेवलात तर एक अपुऱ्या कामाचाही ठेवा. आणि छापायच्या आधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातल्या एकाला मोठ्याने वाचून दाखवा, फोनवर चालेल, तो जिथे "हां पण" म्हणतो ती जागा बदलायची आहे.

यात मतभेद होतात, होऊ देत. आमच्या खजिनदारांचं म्हणणं होतं की असा अहवाल वाचून देणग्या कमी येतील. त्या वर्षी आम्ही दोघांनी बसून पहिला परिच्छेद चार वेळा लिहिला आणि शेवटी असा गेला: "खालच्या वाडीच्या विहिरीने यंदाही एप्रिलमध्ये तळ गाठला. अकरा घरं दीड किलोमीटरवरून पाणी आणतात. गेल्या वर्षी ही रक्कम सभामंडपाच्या रंगाला वापरायचं कार्यकारिणीने ठरवलं होतं, त्या ठरावावर आमच्या सह्या आहेत. यंदा पहिले पैसे विहिरीला." खाली दोघांची नावं. देणगीदारांची यादी शेवटच्या पानावर गेली, आणि काकूंना पहिली प्रत मी स्वतः नेऊन दिली.